केर-माबाचे चार ट्रक

१

शुक्रवारी भर दुपारी समुद्रकाठच्या केर-माबा गावातल्या छावणीतून सशस्त्र सैनिकांचे चार ट्रक बाहेर पडले आणि निवडणूक कचेरीच्या दिशेने निघाले. मतदान रविवारी होतं. ट्रक पुलाशी पोचले तेव्हा तुकडीच्या तरुण कॅप्टनला दरदरून घाम फुटला. शहरात सैन्य न्यायचं तर जिल्हाधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि तो काही त्याच्या खिशात नव्हता. त्याने ट्रक तिथेच उभे केले, थोडा विचार केला आणि सगळा लवाजमा परत फिरवला. कुणाला साधा ओरखडाही आला नाही.

पण संध्याकाळच्या बातम्यांत एकच शब्द घुमत होता: बंड! छावणीचे प्रमुख कर्नल लातीर न्गोम यांना त्यांच्याच छावणीत कोंडण्यात आलं. शनिवारी संध्याकाळसाठी संसदेची तातडीची बैठक बोलावली गेली. ठराव आधीच लिहून तयार होता. सैन्याचा भरवसा उरलेला नाही, सबब मतदान बेमुदत पुढे ढकलावं. राष्ट्राध्यक्षांची मुदत संपत आली होती, म्हणजे बेमुदत या शब्दाचा अर्थ शाळकरी पोरानेही सांगितला असता.

शनिवारी सकाळीच मला राजधानीतून चौकशीसाठी पाठवलं गेलं. मी आरामे बादियान, चौकशी न्यायाधीश. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. मी त्यांना कधी खोटं पाडलेलं नाही.

"मॅडम, बैठकीच्या आत निष्कर्ष कळवा," मंत्रालयातला माणूस फोनवर म्हणाला. "निष्कर्ष काय असणार ते आपल्याला ठाऊकच आहे."

"ठाऊक असता तर मी केर-माबापर्यंत पेट्रोल कशाला जाळलं असतं?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

कर्नल न्गोम शस्त्रागारामागच्या एका खोलीत बसले होते. साठीला टेकलेला, ताडासारखा उंच सेरेर माणूस. कमरेचा पट्टा काढून घेतलेला, बुटांच्या नाड्याही काढलेल्या. मी आत पाऊल टाकलं, नाव सांगितलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

"बादियान? जोला?" ते म्हणाले. "वा रे वा! माझी गुलाम माझा न्याय करायला आली. आधी सांग, भात हादडून आलीस की इथल्या सैनिकांचा रेशनचा भात संपवायला आलीस?"

सेरेर आणि जोला या दोन जमातींत थट्टेचं नातं असतं. आपल्याकडे ते जन्मासोबत मिळतं. समोरचा जनरल असो की भिकारी, भेटला की त्याला गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि त्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच शोभा होते. सेरेर लोकांचं असंच नातं तुकुलेर लोकांशीही आहे. माझ्या ओठावर उत्तर आलं होतं, पण मी न्यायाधीश होते, ते गिळलं.

"कर्नलसाहेब, बंडाला जन्मठेप आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. म्हणून तर हसून घेतोय." मग त्यांचा चेहरा उतरला. "बाई, ऐका. ट्रक बाहेर काढायचा हुकूम माझ्या खोलीतल्या फोनवरून गेला, हे खरं आहे. टेलिफोन बोर्डावर माझ्याच खोलीचा दिवा लागला होता. पण तो फोन मी केला नाही."

"मग कुणी केला?"

"ते कळलं असतं तर मी इथे नाड्यांशिवाय बसलो असतो का?"

२

छावणीच्या टेलिफोन बोर्डावर सार्जंट देंबा काने बसतो. हुकूम त्यानेच ऐकला आणि पुढे कॅप्टनपर्यंत पोचवला, म्हणून त्यालाही अडकवून ठेवलं होतं. गोल चेहऱ्याचा हा तुकुलेर माणूस माझ्यासमोर आला तेव्हा त्याचे डोळे रडून सुजले होते.

"बस देंबा. कर्नलसाहेबांचा आवाज ओळखलास?"

"मॅडम, आवाज बसलेला होता. तोंडावर रुमाल धरून बोलावं तसा. पण दिवा साहेबांच्या खोलीचा होता. ते म्हणाले, 'कर्नल बोलतोय.' साहेबांच्या खोलीतून दुसरं कोण म्हणणार, कर्नल बोलतोय म्हणून?"

"नेमकं काय म्हणाले?"

देंबाने मान खाली घातली. "म्हणाले, 'सार्जंट काने, मेहेरबानी करून पहिल्या तुकडीला निवडणूक कचेरीकडे रवाना करा.' एवढंच."

"मग एवढा रडतोस कशाला? तू हुकूम पाळलास, गुन्हा नाही केलास."

"मी त्यासाठी रडत नाही, मॅडम." त्याने बाहीने नाक पुसलं. "मला वाटलं, माझ्याकडून काहीतरी भयंकर चुकलंय. साहेब मला कधी सार्जंट काने म्हणाले नाहीत. आणि मेहेरबानी? मॅडम, मी तिथेच समजलो, आपली नोकरी गेली."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "मग एरवी काय म्हणतात?"

"गुलामा! ढेरपोट्या! दूधप्या तुकुलेर! बोर्ड झोपेत चालवतोस का रे? मग मीही म्हणतो, मालक बोलतोय, तुझं काय काम आहे, भुईमूगचोर सेरेर? रोज हेच. सात वर्षांत एक दिवस खंड नाही."

"कामाचा हुकूम असला तरी?"

"आधी शिवी, मग हुकूम."

"आणि दुःखाच्या वेळी?"

देंबाने मान वर केली. "माझी आई गेली तेव्हा साहेब मयतीला आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, 'म्हातारी सुटली, आता या गुलामाला पोसायचं माझ्याच नशिबी आलं.' मी रडता रडता हसलो, मॅडम. माझ्या मावश्याही हसल्या. ते हसवलं नसतं तर मी उभा राहू शकलो नसतो."

मी उठले. शिपायाला सांगितलं, कर्नलना इथे आणा. देंबाला काहीच सांगितलं नाही. कर्नल नाडी नसलेले बूट फरफटत दारात आले आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"काय रे गुलामा, मला जन्मठेपेला पाठवून एकटाच भात खाणार होय?" कर्नल गरजले.

"मालकाने काय खावं ते गुलामाने विचारू नये!" देंबा ओरडला आणि ढसाढसा रडायला लागला. कर्नलही डोळे पुसत होते.

मंत्रालय म्हणणार, बंडाच्या हुकुमात थट्टा कशी करतील? मला तो प्रश्न पडला नाही. ज्या माणसाने डोक्यावर जन्मठेप लटकत असताना आपल्या न्यायाधीशाला गुलाम म्हटलं, तो देंबा कानेला मेहेरबानी करून म्हणेल हे शक्य नव्हतं. फोन कर्नलनी केला नव्हता. आता प्रश्न होता, त्यांच्या खोलीत शिरलं कोण?

३

कर्नलच्या खोलीला लागूनच एक रुंद व्हरांडा आहे. शुक्रवारी दुपारी कर्नल तिथे तीन पाहुण्यांना अताया, म्हणजे आपला तीन फेऱ्यांचा कडक चहा, पाजत होते. हा चहा ते स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला शेगडीला हात लावू देत नाहीत.

"मला सैन्य बाहेर काढायला सांगायला आले होते," कर्नल म्हणाले. "निवडणूक कचेरीला 'संरक्षण' द्या म्हणे. कशापासून, ते सांगेनात. मी म्हटलं, जिल्हाधिकाऱ्यांनी सही करावी, मी या क्षणाला ट्रक काढतो. सही नाही, तर ट्रक नाही. सैनिक माझे नाहीत, बाई. लोकांनी माझ्याकडे सांभाळायला दिलेत."

"मग?"

"मग तोच घोळ पुन्हा पुन्हा. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. माझं डोकं तापलं. तिसरी शेगडीवर चढवली, साखर घातली, पुदिना टाकला, म्हटलं, उकळली की तुमची तुम्ही ओतून घ्या. आणि मागच्या पायऱ्या उतरून समुद्राकडे चालता झालो. चिडलो की मी चालतो. ओहोटी होती, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. परत आलो तर माझा दुय्यम मेजर दारात, आणि मी बंडखोर."

"पुदिना तिसऱ्याच फेरीत घालता?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोलले. "पहिली कडू, दुसरी गोड, पुदिना तिसरीला. आधीच्या फेऱ्यांत पुदिना घालणारा माणूस माझ्या व्हरांड्यावर बसणार नाही. कुंडीतला आहे, माझ्या हाताने लावलेला."

गोंधळ झाल्याबरोबर मेजरने व्हरांडा बंद करून बाहेर पहारा बसवला होता. सगळं जसंच्या तसं होतं. थंड पडलेली शेगडी, वर छोटी निळी किटली, शेजारी थाळीत अतायाचे दोन पेले, जे धुऊन धुऊन पाळीपाळीने सगळ्यांत फिरवायचे असतात. मी किटलीचं झाकण उघडलं. तळाशी वाळलेली चहाची पानं, त्यात पुदिन्याचे देठ. चहाचा थेंब नव्हता. एका पेल्याच्या तळाशी फेसाचा पांढरा वण सुकला होता. दुसरा पेला धुऊन पालथा ठेवलेला होता, स्वच्छ.

तिसरी फेरी कुणीतरी सावकाश ओतून प्यायलं होतं. आणि प्यायलेला माणूस एकटाच होता.

४

पहिला पाहुणा मेजर बिराम थियाम, कर्नलचा दुय्यम. मी गेले तेव्हा तो कर्नलच्या खुर्चीत बसला होता. मला पाहून उठला, पण जरा सावकाश.

"खुर्ची बरोबर मापाची आहे का?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "हंगामी आदेश आलाय, मॅडम. मी मागितला नव्हता."

"मागितला नाही, पण नाही म्हटलं का?"

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "कर्नलसाहेबांचं आणि माझं पटत नाही. मला वाटतं, ते पुढच्या काळासाठी फार जुने आहेत. पण शुक्रवारी मी दोन पेले चहा घेतला, साहेब उठले तसा मीही उठलो आणि कोठारात गेलो."

"चहा कसा होता?"

"पहिला जहर. दुसरा गोड. त्यांचा चहा चांगलाच असतो, ते मला नाकारता येत नाही."

"साहेब देंबाशी फोनवर कसे बोलतात, ऐकलंय कधी?"

मेजर पहिल्यांदा हसला. "आख्खी छावणी ऐकते, मॅडम. दारं लावली तरी ऐकू येतं."

दुसरा जिल्हाधिकारी इब्रा बूसो. त्याला मी छावणीतच बोलावून घेतलं. मऊ हातांचा, सतत कपाळ पुसणारा हा माणूस गेली चार वर्षं या जिल्ह्यात होता.

"मला मधुमेह आहे हो," तो म्हणाला. "पहिला कडू पेला घेतला, पुढचे नाही. कर्नल उठले तसा मी लगेच घरी गेलो."

"तुमचा ड्रायव्हर म्हणतो, तुम्ही घरी उशिरा पोचलात."

बूसोचा रुमाल थांबला. "बरं. घरी नाही गेलो. माशांच्या बाजारापलीकडे गाडी लावून बसलो होतो. मंत्र्यांचे सल्लागारसाहेब म्हणत होते, सैन्य बोलावण्याच्या आदेशावर सही कर. मी केली नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. उद्या बघू म्हटलं." तो ओशाळून हसला. "मॅडम, मला घाबरट म्हणा. माझी बायको रोजच म्हणते."

"देंबा काने माहीत आहे?"

"कोण नाही ओळखत? कर्नलकडे जेवायला गेलो की त्याला फोन करून शिव्या घालतात, आणि तो उलट घालतो. माझ्या पोरी पोट धरून हसतात."

तिसरा मंत्र्यांचा सल्लागार, मासांबा लो. छावणीच्या अतिथिगृहात उतरला होता. इस्त्रीचा निळा पायघोळ बुबू, अत्तराचा मंद वास, आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. त्याने स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. चपराशाला म्हणाला, "मेहेरबानी करून मॅडमना पाणी आण." चपराशी एवढा गडबडला की पाणी सांडलं.

"केर-माबाला नेहमी येता?" मी विचारलं.

"छे, काल पहिल्यांदाच पाऊल टाकलं. काय सुंदर समुद्र आहे! आणि नशीब बघा, असा प्रसंग." त्याने मान हलवली. "कर्नलबद्दल मला वाईट वाटतं. माणूस म्हणून मोठा. यजमान म्हणून तर विचारूच नका. तसा चहा मी राजधानीत प्यायलो नाही. तो पुदिना! अजून जिभेवर रेंगाळतोय. असा हात असलेल्या माणसाच्या डोक्यात बंड शिरावं?"

"तुम्ही व्हरांड्यातून केव्हा उठलात?"

"दोन पेले झाले, यजमान चिडून निघून गेले, आम्ही तिघेही उठलो. मी थेट इथे आलो आणि पडलो." मग तो पुढे झुकला. "मॅडम, सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी होतेय. मंत्रीसाहेब परवाच विचारत होते, निर्भीड माणूस कोण आहे म्हणून."

"आणि मी निर्भीड नसले तर?"

"उत्तरेला वाळवंटाच्या काठी एक न्यायालय आहे," तो मऊपणे म्हणाला. "हवा फार कोरडी असते म्हणतात."

मी पाण्याचा पेला रिकामा केला आणि उठले. हसू ओठावर येऊ नये म्हणून मला गाल आतून चावावे लागले.

५

दुपारची नमाज झाल्यावर मी सगळ्यांना व्हरांड्यावर बसवलं. मेजर, जिल्हाधिकारी, सल्लागार. कर्नल आणि देंबा भिंतीशी उभे, मध्ये पहारा. मी टेबलावर बसून एक वॉरंट लिहिलं, नावाची जागा भरली आणि कागद पालथा ठेवला. बूसो टेबलाच्या कडेलाच कपाळ पुसत बसला होता.

"आतल्या खोलीतल्या फोनवरून कर्नल बोलले नाहीत," मी म्हटलं आणि देंबाची हकिगत सांगितली.

लो सौम्यपणे हसला. "मॅडम, शिवी दिली नाही म्हणून माणूस निर्दोष? संसदेत हे वाचून दाखवणार?"

"दाखवीन. संसदेत अर्धे सेरेर, तुकुलेर आणि जोला आहेत. त्यांना समजावून सांगावं लागणार नाही." मी पुढे म्हटलं, "आता मला सांगा, कर्नलचं सोंग घेणाऱ्याने ही चूक का केली? मेजर थियाम असते तर शिवी घालायला विसरले नसते. ते रोज ऐकतात. बूसोही विसरले नसते, त्यांच्या पोरींना ती पाठ आहे. हा हुकूम अशा माणसाने दिला, ज्याला कर्नल आणि देंबा यांचं नातं ठाऊकच नव्हतं. जो इथे पहिल्यांदा आला होता. आणि ज्याच्या तोंडची मेहेरबानी चपराशाशी बोलतानासुद्धा सुटत नाही."

लोचं हसू तसंच होतं, फक्त ते आता चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं वाटत होतं.

"सभ्यपणा हा गुन्हा झाला म्हणायचा," तो म्हणाला. "मी तेव्हा अतिथिगृहात होतो."

"नव्हता. तुम्ही इथे बसून तिसरी फेरी प्यायलात. कर्नल गेले, हे दोघे गेले. तुम्ही परत आलात. आवार मोकळं व्हायला हवं होतं, म्हणून थांबलात. शेगडीवर चहा उकळत होता. तिसरी फेरी उकळत असताना उठून जाणारा माणूस आपल्या देशात जन्माला यायचाय. तुम्ही तर चांगल्या घरातले, वळण असलेले. ओतून घेतलीत, सावकाश प्यायलात, आणि मग आत जाऊन फोन उचललात."

"कर्नलच परत येऊन प्यायले असतील."

"मग तुमच्या जिभेवर पुदिना कुठून रेंगाळतोय? पुदिना फक्त तिसऱ्या फेरीत होता. तुम्ही मला सांगितलंत, दोन पेले घेऊन उठलात. आणि त्याआधी केर-माबात कधी आला नव्हता."

लोने मेजरकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. वरची माणसं खालच्यांकडे असं पाहतात, की आता तुझी पाळी. "दुसऱ्या फेरीतही पुदिना होता," तो सावकाश म्हणाला. "मेजर, तुम्ही प्यायलात ना माझ्यासोबत? नीट आठवून सांगा. घाई नाही."

सगळं आता बिराम थियामवर येऊन ठेपलं. बूसो पहिल्या पेल्यावरच थांबला होता, त्याची साक्ष उपयोगाची नव्हती. मेजर हो म्हणाला असता तर कर्नलची खुर्ची त्याची होती. कर्नल त्याच्याकडे पाहत नव्हते, ते समुद्राकडे पाहत होते.

"नव्हता," मेजर म्हणाला. "दुसऱ्या फेरीत पुदिना नव्हता. कर्नल घालतच नाहीत. मेले तरी घालणार नाहीत."

६

लो सोंग टाकून बोलायला लागला तेव्हा त्याच्या आवाजातलं लोणी वितळून गेलं होतं.

"बरं. मग? सैन्य निवडणूक कचेरीला पोचलं असतं तर मतदान थांबलं असतं. नाही पोचलं, तर बंड म्हणून थांबेल. दोन्हीकडून आमचंच. तुमच्या पुदिन्याची गोष्ट कोण छापणार, मॅडम? आणि मला धरणार कोण?"

मी टेबलाकडे वळले. बूसोची खुर्ची रिकामी होती. तो केव्हा सटकला ते कुणालाच कळलं नव्हतं. बाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

लो मोठ्याने हसला. "तुमचे जिल्हाधिकारी पळाले. इथले पोलीस त्यांच्या हाताखाली आहेत ना?" त्याने बुबू सावरला आणि पायऱ्या उतरून आपल्या काळ्या गाडीकडे चालू लागला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राजधानी गाठली की हा माणूस संध्याकाळी संसदेत मंत्र्याच्या मागे बसणार, आणि माझा निष्कर्ष उद्या कचऱ्यात. गेटचा दांडा पडलेला होता, तेवढ्यात मी फोनवर निष्कर्ष न्यायालयाच्या कचेरीला आणि संसदेच्या सभापतींना शब्द न शब्द सांगितला, पण आरोपीच हातातून निसटला तर त्या शब्दांना कोण विचारतो?

मी धावत गेटकडे गेले. लोची गाडी आतल्या बाजूला उभी होती, हॉर्न वाजत होता. पहारेकऱ्याने आडवा दांडा उचलला नव्हता. पाच-सहा सैनिक बंदुका घेऊन गाडीभोवती जमले होते, आणखी धावत येत होते.

"मॅडम, एक शब्द बोला," मेजर धापा टाकत म्हणाला. "एक शब्द. मी याला आत्ता खाली ओढतो. पोरांचं रक्त उसळलंय."

खरं सांगते, तो शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता.

"मेजर," मागून कर्नल म्हणाले. पहारेकरी त्यांना घेऊन आले होते, की ते पहारेकऱ्यांना, कोण जाणे. "मला हुकूम देता येत नाही, छावणी आज तुझी आहे. म्हणून विनंती करतो. काल आपले ट्रक सहीशिवाय बाहेर गेले. ते चूक होतं ना?"

"होतं, साहेब."

"मग आज एका नागरिकाला सैनिकांनी धरलं, तर ते काय होईल? तोच माणूस उद्या टीव्हीवर सांगेल, बघा, बंड. आणि यावेळी ते खरं असेल. दांडा उचल, बिराम."

"तो पळून जाईल!"

"जाऊ दे. आपण बाहेर पडायचं नाही."

मेजरचे डोळे भरले होते. त्याने हात वर केला. पहारेकऱ्याने माझ्याकडे, मग कर्नलकडे पाहिलं आणि दांडा उचलला. सैनिक बाजूला झाले. काळी गाडी त्यांच्यामधून संथपणे बाहेर गेली. काच खाली होती, लो आतून हात हलवत होता.

गाडी रस्त्यावर वळली आणि करकचून थांबली.

रस्त्याच्या मधोमध इब्रा बूसो उभा होता. त्याच्या मागे पोलिसांची जुनाट व्हॅन आडवी लावलेली, आणि दोन हवालदार. बूसोचा रुमाल कुठेतरी पडला होता, घाम गळ्यावरून वाहत होता, आणि हातात मी लिहिलेलं वॉरंट होतं. टेबलावरून त्याने ते केव्हा उचललं, मला पत्ता नव्हता.

"बाजूला हो, बूसो!" लो काचेतून ओरडला. "तुझी बदली कुठे होईल, कल्पना आहे?"

"आहे," बूसो म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता, पण पाय हलले नाहीत. "गेटच्या आत कर्नलची हद्द होती, साहेब. इथून पुढे माझी आहे. खाली उतरा."

गेटच्या आत पन्नासभर सैनिक श्वास रोखून उभे होते. कुणीही रेषा ओलांडली नाही. लोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बूसोकडे, आणि दार उघडून उतरला.

त्या संध्याकाळी संसदेत ठराव मांडायला कुणी उभंच राहिलं नाही. रविवारी मतदान झालं. बाहेरगावी कामावर असलेल्यांना मिळते ती परवानगी घेऊन मी केर-माबाच्या शाळेत रांगेत उभी होते, ऊन डोक्यावर तापत होतं, पुढे शंभर माणसं होती, आणि माझ्यासारखी कुरकुरी बाई एकदाही कुरकुरली नाही.